देवाचा लोड

आमच्या घरी सध्या माणसं दोन आणि उशा सात. प्रत्येकीला काम नेमून दिलेलं आहे. एक अण्णांच्या डोक्याखाली, एक लुळ्या पडलेल्या उजव्या हाताखाली, एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा गादीला न टेकता अधांतरी राहतात. कुशीवर वळवलं की पाठीशी एक लागते. उरलेल्या दोन बदली कामगार. आणि या सगळ्यांचा मुकादम म्हणजे माळ्यावरून खाली काढलेला आजीच्या वेळचा लोड. आतला कापूस इतका बसलाय की उचलताना माझ्याच कमरेत कळ येते.

अण्णांना अर्धांगाचा झटका आला त्याला पाच महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं. दोन तासांनी म्हणजे अकरा, एक, तीन, पाच. हे आकडे घड्याळाचे आहेत असं मला आता वाटतच नाही. ते माझ्या हाडांत बसलेत.

दमणं परवडलं. दमलेल्या माणसाला निदान भिंतीला टेकता येतं. भीतीला टेकायला काही मिळत नाही. पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने पाजायचं, कारण एक घोट वाकड्या वाटेने गेला तर फुप्फुसात उतरतो. ठसका लागला की माझा श्वास आधी अडकतो. रात्री तीनला कूस बदलून झाली की मी त्यांच्या नाकापाशी बोट धरून बसायची. श्वास लागला बोटाला की पुन्हा आपलं, आत्ता लागला, पाचला लागेल का?

देवाचं म्हणाल तर आमचं बोलणं बंद होतं. म्हणजे दिवा लावत होते, हात जोडत होते, पण भाडेकरूने मालकाला रामराम घालावा तसं. नळ गळतोय, छत गळतंय, तुम्हाला सांगून काय उपयोग! पहिल्या महिन्यात फार मागितलं. पुढे मागायचंही जिवावर यायला लागलं.

अशात ज्येष्ठाच्या शेवटाला शेजारच्या काकू आल्या. माहेर पंढरपूरचं, त्यामुळे विठ्ठलाबद्दल त्या चुलतभावाबद्दल बोलावं तसं बोलतात. मी अण्णांच्या पाठीमागे लोड सरकवत होते. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पंढरपुरातसुद्धा आता देवाला लोड द्यायचे दिवस आले.”

मला वाटलं काहीतरी गमतीने म्हणतायत. तसं नव्हतं. आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढतात. शेजघरातला पलंगच निघाला म्हणजे देवाची झोप संपली. काकडा, धूपारती, शेजारती हे राजोपचार थांबतात. नित्यपूजा आणि नैवेद्य एवढा वेळ सोडला तर रात्रंदिवस दर्शन चालू. कार्तिकीलाही हेच. आणि इतके दिवस उभं राहून देव दमणार, म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी मऊ कापसाचा लोड लावतात आणि रुक्मिणीला तक्क्या. यात्रा संपली, गोपाळकाला झाला, पालख्या परतीला लागल्या की प्रक्षाळपूजा. त्या दिवशी देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालून त्याचा शिणवटा काढतात, रात्री वनौषधींचा काढा दाखवतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो.

मी म्हटलं, “काकू, दगडाच्या मूर्तीला कसला आलाय शिणवटा?”

“देवाला लोड लागतो गं, तू कोण लागून गेलीस?” त्या म्हणाल्या आणि चहाचा कप धुऊन ठेवून निघून गेल्या.

हे वाक्य मला दोन दिवस पुरलं. आजवर ज्या देवावर मी रुसले होते तो कधी न दमणारा होता. त्याला सगळं शक्य, तरी तो करत नाही, म्हणून राग. पण ज्यांनी त्याला पिढ्यान् पिढ्या जवळून पाहिलं, त्याचे कपडे बदलले, त्याला अंघोळ घातली, त्यांना तो दमतो हे माहीत होतं. ही अंघोळ घालणाऱ्यांची समजूत आहे. पुस्तकं वाचणाऱ्यांना ती सुचलीच नसती. अंग पुसताना कळतं कुठे दुखतंय ते. आणि तो कमरेवर हात ठेवून उभा असतो, त्याचे शास्त्रात काय अर्थ लावले असतील ते असोत. मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी रात्री अकराला अगदी तश्शी उभी असते.

पुंडलिकाची गोष्टही मला याच दिवसांत नव्याने कळली. लहानपणी वाटायचं, काय हा उद्धट माणूस! देव दारात आलाय आणि हा आईबापाचे पाय चेपता चेपता मागे वीट भिरकावतो, म्हणतो थांब. आता वाटतं, बापाचा डोळा नुकताच लागला असणार. घरात आजारी माणूस असलेल्या कुणालाही विचारा. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर झोप लागली असेल तर दारात खुद्द पांडुरंग आला तरी आपण उठत नाही, हाताने खूण करतो. वीटही त्याने टाकली असेल ती आवाज न करता. आणि देवाला ते समजलं. आत आजारपण आहे, आपण हळू बोलावं, हे कळणारे पाहुणे किती कमी असतात! हा नुसता उभा राहिला. अठ्ठावीस युगं झाली म्हणतात.

त्या आठवड्यात रात्री तीनला कूस बदलून झाल्यावर मी मोबाईलवर पंढरपूरचं लाईव्ह दर्शन लावलं. आवाज बंद करून. रांग सरकत होती. एक म्हातारी पायांवर डोकं ठेवायची, तिला हाताला धरून पुढे करायचे, तिच्यामागे फेटेवाला, त्याच्यामागे कडेवरचं पोर. पाठीमागचा लोड दिसतोय का म्हणून मी डोळे ताणून पाहिलं. हारांच्या गर्दीत काही कळेना. पण त्याचाही पलंग निघालाय, त्यालाही पाचला कुणीतरी उठवणार नाही कारण तो निजलेलाच नाही, हे पाहून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. तीन वाजता जागी असलेली मी एकटी नव्हते. मागितलं काहीच नाही. “तुमची ड्युटी कितीपर्यंत?” एवढंच मनात विचारलं. अण्णांच्या नाकापाशी बोट न्यायचं त्या रात्री राहूनच गेलं. पाचला उठले तेव्हा लक्षात आलं.

भीती गेली का? नाही. ठसका लागला की अजूनही पोटात खड्डा पडतो. पण आता हात कापत नाही. आधी अण्णांना पुढे वाकवते, घाबरून घेते ते नंतर, सावकाश.

यात्रा सरली. एका संध्याकाळी काकू सांगत आल्या, “आज प्रक्षाळ. देव निजणार हो आज!” मी गॅसवर सुंठ, तुळस, गवती चहा उकळत ठेवलं होतं, माझ्याच घशासाठी. वाफ तोंडावर येत होती. त्याच वाफेत उभी राहून धाकट्या भावाला फोन लावला. पाच महिन्यांत पहिल्यांदा म्हटलं, “आजची रात्र तू ये. मला झोपायचंय.” तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, “ताई, मी वाटच बघत होतो तू कधी म्हणतेस त्याची.” हे त्याने आधी सांगितलं असतं तर बिघडलं असतं का! पण असो.

त्याला सगळ्या उशांची ओळख करून दिली आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. तरी तीनला जाग आलीच. उठले, दारापाशी गेले. भाऊ खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून घोरत होता. अण्णा लोडाला टेकून टक्क जागे. मी त्याला हाक मारणार तोच अण्णांनी डावा हात हळूहळू वर नेला आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी अण्णांची कूस बदलली, आवाज न करता, आणि परत जाऊन झोपले.