प्रिंटरचा पत्ता आणि एक अंक

वायफायचा दिवा चालू, कागद भरलेला, तरी दर आठ-दहा दिवसांनी आमचा प्रिंटर ‘ऑफलाइन’. कारण मला कळलं होतं: राउटर त्याला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) कधी १९२.१६८.१.७ द्यायचा, कधी शेवटी ७ ऐवजी १२, आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसायचा.

उपायही ठाऊक होता. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीखाली (म्हणजे आपोआप पत्ते वाटायच्या सोयीखाली) ‘ॲड्रेस रिझर्वेशन’ असतं. तिथे उपकरणाचा मॅक ॲड्रेस (त्याचा नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) आणि हवा तो आयपी लिहून सेव्ह करायचं, बस. प्रिंटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरून बारा अक्षरं उतरवली, ५० नंबर दिला, दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. प्रिंटर आला ९ वर.

पुन्हा टाइप केलं. आठ की बी, म्हणून भिंग घेतलं. शून्य की ओ, यावर तर बराच वेळ गेला. मॅकमध्ये ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच असतं, ओ नसतोच, हे नंतर आठवलं. राउटर फॅक्टरी रीसेट केला. त्याने काहीच साधलं नाही, फक्त घरातल्या प्रत्येक वस्तूला पासवर्ड पुन्हा द्यावा लागला आणि बोलणी खाल्ली ती वेगळी. मग चिडून प्रिंटरच्याच मेनूत पत्ता पक्का केला, तोही राउटर ज्यातून वाटप करतो त्याच टप्प्यातला. प्रिंटर बंद असताना राउटरने तोच पत्ता एका फोनला देऊन टाकला. (असं करायचंच असेल तर वाटपाच्या टप्प्याबाहेरचा नंबर घ्या.)

शेवटी प्रिंटर परत ‘ऑटोमॅटिक’वर टाकला आणि राउटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी स्टिकरशेजारी धरून वाचली. अकरा अक्षरं तीच, बारावं वेगळं! स्टिकरवरचा मॅक केबलच्या पोर्टचा होता, वायफायचा निराळा. प्रिंटरने छापून दिलेल्या नेटवर्कच्या पानावर दोन्ही होते. ते पान मी आधी काढलंच नव्हतं. स्टिकरवर ‘केबल’ एवढा शब्द छापायला काय जात होतं?

यादीतला मॅक घातला, प्रिंटर बंद-चालू केला, ५० मिळाला. बंद-चालू करणं गरजेचं आहे, नाहीतर उपकरण हातातल्या पत्त्याची अर्धी मुदत संपेपर्यंत सहसा राउटरकडे परत फिरकत नाही. कॉम्प्युटरमध्येही प्रिंटरचा ‘पोर्ट’ (म्हणजे तिथे नोंदवलेला त्याचा पत्ता) बदलावा लागला, तो अजून १२ लाच चिकटून होता.

फोनला पत्ता राखून ठेवायचा असेल तर आधी त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कपुरता खासगी मॅक बंद करा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपणहून बनावट मॅक दाखवतात. आणि रिझर्वेशनच्या यादीचा फोटो काढून ठेवा. रीसेटमध्ये ती पुसली जाते. माझी गेलीच होती, पण त्यात होता तो चुकीचाच मॅक.