जस्त-मँगनीज सेल: सीएमसीऐवजी अल्जिनेट

मी घरी पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटचा, पुन्हा चार्ज होणारा जस्त-मँगनीज सेल बनवतोय. आधीच्या सेलमधला कॅथोड (धन इलेक्ट्रोड) सीएमसीवर, म्हणजे कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजवर बांधलेला होता. पूड एकत्र धरून ठेवणारं हे बाइंडर सेल्युलोजपासून बनतं आणि लिथियम-आयन सेलच्या ग्राफाइट अ‍ॅनोडमध्ये (ऋण इलेक्ट्रोडमध्ये) सर्रास वापरलं जातं. पण तिथला इलेक्ट्रोलाइट सेंद्रिय द्रावकातला, आपला पाण्यातला. पाण्यात सीएमसी फुगतं, थर मऊ पडतो आणि चार्ज-डिस्चार्जच्या काही फेऱ्यांनंतर तळाशी काळी पूड जमू लागते.

म्हणून या वेळी सोडियम अल्जिनेट घेतलं. हे तपकिरी समुद्रशैवालातून काढतात, कापडछपाईवाले रंग घट्ट करायला वापरतात. तेही पाण्यात विरघळतं, मात्र झिंक सल्फेटच्या द्रावणात गेलं की चित्र बदलतं. झिंक आयनावर दोन धन भार असतात, तो शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधतो आणि न विरघळणारं जेल होतं. म्हणजे इलेक्ट्रोलाइटच बाइंडरला पक्कं करतो. हे डोळ्यांसमोर होताना पाहून मी अक्षरशः हरखून गेलो. थर बोटाने घासला तरी सुटत नाही.

मिश्रण वजनाने असं: मँगनीज डायऑक्साइड ७०, कार्बन ब्लॅक २०, अल्जिनेट १०. अल्जिनेट एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. पाणी ढवळत चिमटीचिमटीने भुरभुरवा आणि रात्रभर मुरू द्या. त्यात बाकीच्या पुडी कालवून झालेली स्लरी (घट्टसर मिश्रण) ग्राफाइट फॉइलवर पातळच पसरा, जाड थराला वाळताना तडे जातात. पुण्याच्या पावसाळी हवेत नुसतं उघड्यावर वाळवून भागत नाही, ओव्हनमध्ये ८० अंशांवर ठेवावं लागतं. कार्बन ब्लॅक हाताळताना मास्क हवाच.

बॅटऱ्यांमधल्या नेहमीच्या पीव्हीडीएफ या प्लास्टिक बाइंडरला एनएमपी हा सेंद्रिय द्रावक लागतो आणि तो प्रजननक्षमतेला घातक आहे. तो घरात आणायचा प्रश्नच नव्हता. इथे सगळं पाण्यात होतं, माझ्या दृष्टीने वनस्पतीजन्य बाइंडरचा खरा फायदा हाच. २०११ साली जॉर्जिया टेक आणि क्लेमसनच्या संशोधकांनी सिलिकॉन अ‍ॅनोडसाठी अल्जिनेट वापरून दाखवलं होतं, त्यावरूनच हे सुचलं.

इलेक्ट्रोलाइट २ मोलर झिंक सल्फेटचा, म्हणजे १०० मिली द्रावणात झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट (स्फटिकात पाणी असलेला प्रकार) साडेसत्तावन्न ग्रॅम. त्यात ०.१ मोलर मँगनीज सल्फेट घालतो, त्याने कॅथोडमधलं मँगनीज विरघळणं कमी होतं. दोन्ही क्षार मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतात, पण खताच्या मालात लोह असू शकतं. मोजमाप करायचं असेल तर लॅब ग्रेडच घ्या. चार्जिंग १.८ व्होल्टला थांबवतो.

जस्ताच्या पत्र्यावर सुया वाढण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. त्यासाठी आता गवार गमचं जेल इलेक्ट्रोलाइट करून बघणार आहे. कोणी केलं असेल तर गमचं प्रमाण कळवा.