दोन बैठका का पाठवल्या?

काकांनी पिशवीतून मँडोलिनच्या आधी प्लास्टिकचा एक डबा काढला. आत घोडीचे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या आधाराचे, आबनूसच्या लाकडाचे काळे, खरखरीत तुकडे: वाद्यावर टेकणाऱ्या दोन बैठका, त्यांच्या वरच्या दोन पट्ट्या, शिवाय पितळी स्क्रू आणि चकत्या. भाच्याने अमेरिकेहून पाठवलेले.

"घोडी आहे म्हणाला. पण ही तर अर्धवटच आहे. फसवलं वाटतं त्याला."

फसवलं नव्हतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सहा वर्षं काढल्यावर मला त्यात नवल वाटेना. सतारीच्या घोडीचंही असंच असतं. तुकडा ढोबळ घडवून ठेवायचा; जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारी माथ्याची घासाई, मात्र घोडी वाद्यावर बसवून, तारा चढवून, कान लावूनच काढायची.

काकांचं मँडोलिन फुगीर तबलीचं, म्हणजे पुढची लाकडी फळी बाकदार असलेलं. याची घोडी चिकटवत नाहीत, आठ तारांच्या दाबावर ती उभी असते. म्हणून बैठकीचे पाय तबलीला बिनफट टेकले पाहिजेत, आणि गोलाई तर दर वाद्याची निराळी. जुन्या घोडीच्या एका पायाखाली मी एसटीचं तिकीट सरकवलं, ते थेट पलीकडून निघालं. आवाज का पातळ झाला होता ते कळलं.

जुन्या घोडीच्या जागेवर खूण केली, तारा उतरवल्या. तबलीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर ठेवून, चिकटपट्टीने लावला आणि बैठक त्यावर घासायला घेतली. इथे माझा फाजील आत्मविश्वास नडला. लांब लांब, सैल हात मारले. वीस मिनिटांत पाय मस्त बसल्यासारखे दिसले. तिकीट घातलं तर पायाच्या मध्यावर अडलं, पण पुढून आणि मागून चांगलं दोन मिलिमीटर आत जात होतं. हात डुलला तशी बैठक डुलली होती, दोन्ही कडा गोल झाल्या होत्या. त्या सरळ करेपर्यंत पाय उरलेच नसते.

काका स्टुलावर बसून सगळं बघत होते. "दोन का पाठवल्या ते आता कळलं," एवढंच म्हणाले.

दुसरीच्या वेळी बैठकीच्या दोन्ही अंगांना लाकडी पट्ट्या जोडून तिला डुलायला जागाच ठेवली नाही. तारांच्या दिशेने बोटभर लांबीचे हात, आणि दाब स्क्रूच्या भोकांवर, कारण तारांचा भार पुढे तिथूनच उतरणार. मग १२०, मग २२०. कुठे टेकतंय हे पाहायला मी सवयीने कार्बन पेपर घेतला. काळ्या आबनूसवर काळा डाग! काका हसले. मग कागदावर पांढरा खडू घासला आणि तो तबलीवर ठेवला. तिसऱ्यांदा दाबल्यावर दोन्ही पाय कडेपासून कडेपर्यंत पांढरे निघाले. जेवायचं राहूनच गेलं होतं.

वरच्या पट्टीचं काम त्यामानाने सरळ. खाचा कानशीने, तार अर्धीच बुडेल इतक्या. पट्टीचा माथा मात्र पायरी-पायरीने कापावा लागतो. पिळाच्या (वरून बारीक तार गुंडाळलेल्या) डी तारेपेक्षा साधी, जाड ए तार जरा मागे, खुंट्यांपासून दूर टेकली तरच सुरात राहते. मानेवरच्या बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडायची, मग दाबून. दाबल्यावर सूर चढला तर घोडी मागे. तीनदा मागे-पुढे केली, दर वेळी जोडीजोडीने तारा सैल करून. सगळ्या एकदम सोडल्या तर घोडी गडगडत खाली.

दिवे लागल्यावर काकांनी वाजवायला घेतलं. दोन ओळी झाल्या, थांबले, ई तारेची खुंटी केसभर पिळली आणि पुन्हा पहिल्यापासून. मी एका बैठकीचे पैसे मजुरीतून वळते करायला निघालो तर म्हणाले, "राहू दे. ती बिघडलेली मात्र दे. भाच्याला फोटो पाठवतो, पुढच्या वेळी तीन पाठव म्हणून."