सरांनी दाखवलेली बागेतली बाई

मी १९९१च्या दहावीच्या बॅचची. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला सगळ्यात आधी आठवला तो आपला चित्रकलेचा वर्ग, कौलातून फरशीवर पडणारा कवडसा आणि सरांच्या हातातलं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक रंगीत पान.

आठवीत होतो, एलिमेंटरीची तयारी चालू होती. पानावर एक गोरी बाई बागेत उभी, गुलाबीसर रेशमी झगा, छातीवर एकाखाली एक रिबिनीच्या गाठी, हातात मिटलेला पंखा. मुलं हसायला लागली. सर म्हणाले, आधी ती कुत्री बघा, मग बाईकडे या. बाकावर एक छोटी कुत्री बसलेली होती, ती आमच्यापैकी कोणालाच दिसली नव्हती!

ही मादाम द पोंपादूर, फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाची मैत्रीण, आणि चित्रकार फ्रान्स्वा बुशे, साल १७५९. या शैलीला रोकोको म्हणतात असं सांगून सरांनी खिशातून समुद्रावरचा एक शिंपला काढला. रोकोको हा शब्द रोकाय वरून आलाय, तिकडच्या बागांमध्ये शिंपले आणि दगड लावून जी नक्षी करायचे त्याला म्हणायचे रोकाय. शिंपल्याची कड बोटाने फिरवून बघा म्हणाले आणि तो वर्गभर फिरवला, आणि मग झग्याची झालर बघितली तर तीच वळणं. शिंपले आम्ही रोज तुडवत यायचो हो, पण त्या दिवशी माझ्या बोटांना पहिल्यांदा कळलं की रेषा वळते म्हणजे काय.

मोठेपणी वाचलं तेव्हा समजलं की ती राजाची प्रेयसी होती, १७४५ पासून. तिचं माहेरचं आडनाव प्वासाँ, म्हणजे चक्क मासा, आणि दरबारातले लोक त्यावरून तिची टर उडवणाऱ्या कविता करायचे. मला वाटलं, सरांनी आम्ही लहान म्हणून मैत्रीण हा शब्द वापरला असणार.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेले तेव्हा वॉलेस कलेक्शनमध्ये ते चित्र खरंखुरं बघितलं. तिथे तिकीट नाही, सरळ आत जायचं. फ्रागोनारचं ते झोपाळ्याचं प्रसिद्ध चित्रही तिथलंच, पण मी आधी हिला शोधत होते. चित्र तीनेक फूटच उंच आहे. मी सरांनी सांगितलं होतं तसं कुत्रीपासून सुरू केलं. ती निष्ठेची खूण, हे सरांनी सांगितलेलं होतं, तिचं नाव इनेस हे मात्र तिथे कळलं. मग नजर वर गेली, बाई ज्या चौथऱ्याला टेकलीय त्याच्यावर एक पुतळा आहे, एक स्त्री आणि तिच्याकडे झेपावणारं मूल. ते मूल म्हणजे प्रेम आणि ती स्त्री म्हणजे मैत्री, प्रेमाची समजूत घालणारी. १७५०च्या सुमारास राजाचं आणि तिचं शारीरिक नातं संपलं होतं, पण १७६४ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी ती गेली तोपर्यंत ती त्याच्या सगळ्यात जवळचं माणूस होती, आणि बुशेने नेमकं तेच दगडात उभं करून तिच्या मागे ठेवलंय. म्हणजे सरांचा शब्द अगदी बरोबर होता, मैत्रीणच! मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं, मुलगी घाबरली बिचारी.

सर आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं याची हुरहूर आहे म्हणून इथे लिहितेय.

त्या दिवशी पर्समधल्या छोट्या वहीत इनेसचं पेन्सिल स्केच केलं, कान सरांनी शिकवले तसे आधी हलक्या रेषेत आणि मग गडद. त्याचा फोटो सोबत पाठवतेय, पानावर जागा उरली तर छापा.