दुसरी चावी

दुपारचे तीन. महापेच्या ऑफिसात एसी नको इतका गार. शेजारच्या नव्या मुलानं मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये शिरताना टाइप केलं, ‘आय-ॲम-अ-डमी’. माझा चहाच सांडायचा. थट्टा नाही, हा पर्याय खरंच आहे. त्याचं सभ्य नाव ‘सेफ-अपडेट्स’. तो लावला की ‘व्हेअर’, म्हणजे कुठल्या ओळी ही अट, न लिहिता सोडलेला डिलीट सर्व्हर अडवतो. नाहीतर ऑटोकमिट मुळातच चालू, म्हणजे प्रत्येक हुकूम लगेच पक्का. एंटर दाबून झाल्यावर ‘रोलबॅक’ म्हणत केलेलं मागे घेणं म्हणजे गाडी गेल्यावर हात दाखवणं.

वीस वर्षं याच कामात घालवून स्वतःला डमी म्हणवून घ्यायला मला जड जातं. माझी खोड वेगळी. डिलीटची अट आधी नुसतं दाखवणाऱ्या सिलेक्टला लावायची, ओळी मोजायच्या. मग बिगिन म्हणून ऑटोकमिट थांबवायचं, मग डिलीट. आकडा जुळला तरच कमिट. पोरं हसतात. हसोत. आमची आई कुलूप लावून तीनदा ओढून बघायची, आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा.

नौपाड्याच्या चाळीतल्या त्या कुलपाची दुसरी चावी शेजारच्या काकूंकडे, हिंगाच्या रिकाम्या डबीत असायची. एका जुलैत लग्नाहून चिंब भिजून आलो, तर आईची पर्स लोकलमध्येच राहिलेली. काकूंनी फळीवरून डबी काढली. बाबांनी चावी घातली. जाते, पण फिरत नाही. फुंकून झाली, खोबरेल लावून झालं. सगळी चाळ कठड्याला. मग आई हळूच म्हणाली, “अहो, गणपतीत कुलूप बदललं ना आपण?”

दहा महिने ती डबी आम्हाला निर्धास्त ठेवत होती.

रोज रात्री दोनला बॅकअप होतो, ‘यशस्वी’ अशी मेल येते. डबीत चावी आहे, एवढंच ती सांगते. म्हणून महिन्यातून एक शनिवार मी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघतो. सुट्टीचे पैसे मिळत नाहीत त्याचे. आणि बॅकअप त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. काकू मुलाकडे गेल्या. ऐरोलीत आमच्या मजल्यावर चार दारं, पाट्यांवरची आडनावं तेवढी माहीत.

परवा बायकोनं विचारलं, “अरे, आपली दुसरी चावी कुठे असते?”

मी उठून आमच्याच कपाटाचा खण उघडून दाखवला.