प्रमाणपत्रावर आडनावच नव्हतं

रविवार, ८ ऑगस्ट २०२१. रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे टीव्हीवर बोलत होते आणि आमच्या भांडुपच्या चाळीत घराघरातून तोच आवाज येत होता. १५ ऑगस्टपासून लोकल सुरू होणार, पण ज्यांचे कोरोनाच्या लसीचे दोन्ही डोस झालेत आणि दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटलेत त्यांच्यासाठीच. तव्यावरची पोळी तशीच ठेवून मी बाहेर आले आणि बोटांवर दिवस मोजले. माझा दुसरा डोस १ जुलैचा. म्हणजे मी नियमात बसत होते.

मी दादरला एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते. भांडुपहून दादर स्लो गाडीने साधारण पस्तीस मिनिटं. २२ मार्च २०२० ला गाड्या थांबल्या आणि ही पस्तीस मिनिटं गेली ती गेलीच. दुकान उघडल्यावर शेअर रिक्षा, मग बेस्टची रांग, मग एलबीएस रोडचा ट्रॅफिक, असे जायला दोन तास आणि यायलाही दोन. पगार अर्ध्यावर आलेला, प्रवासाचा खर्च मात्र दुप्पट. शेठनी कधी तोंडावर काही म्हटलं नाही, पण उशिरा पोचले की घड्याळाकडे बघायचे. तेवढ्यानेही मला दिवसभर चैन पडायचं नाही.

२१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना गाडीत घेऊ लागले, सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. दहाच्या नोकरीला अकराची गाडी काय कामाची? तरी परतीला गाडी मिळायची, घरी येऊन भात टाकायला उशीर होत नसे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळ्यांना मुभा मिळाली, तीही सकाळी ७ च्या आत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. मी पावणेसातच्या आत गाडी पकडायची आणि दुकान उघडेपर्यंत दादरला फुलबाजाराच्या कडेला बसून राहायची. झेंडूचे ढीग, पाणी मारलेले हार, मास्कमधूनही येणारा तो वास. दोन महिने तसे काढले. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि तेही बंद झालं.

गाडीत तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्यांनाच घेत होते. त्या काळात ओळखीच्या एका माणसाने विचारलं, अत्यावश्यक सेवेचं ओळखपत्र करून देतो, पाहिजे का? मी नाही म्हटलं. पकडले जाण्याची भीती होतीच. पण त्याहून जास्त असं वाटलं की रात्रपाळी करून परतणाऱ्या नर्सच्या शेजारी मी खोटं कार्ड गळ्यात घालून बसायचं कसं? ज्यांनी अशी कार्डं घेतली त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पोट सगळ्यांनाच होतं.

लसीचंही सरळ झालं नाही. पहिला डोस ६ एप्रिलला घेतला, ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना नुकतीच परवानगी मिळाली होती. केंद्रावर सांगितलं, सहा ते आठ आठवड्यांनी या. मी कॅलेंडरवर खूण केली. १३ मेला नियम बदलला, कोविशील्डचं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. खूण खोडून नवी केली. ८४ दिवस भरल्यावर गेले, सकाळपासून दुपारपर्यंत उभी राहिले आणि डोस घेऊन आले. प्रमाणपत्र त्या वेळी नीट पाहिलंच नाही. मोबाईलवर मेसेज आला म्हणजे झालं, असं समजून चालले.

ते पाहिलं त्या रविवारी रात्री. आमची भाची शेजारच्याच खोलीत राहते, तिने फोनवर प्रमाणपत्र उघडलं आणि म्हणाली, "मावशी, ह्यात तुझं आडनाव कुठेय?" माझं नाव होतं, ह्यांचं नाव होतं, आणि पुढे काहीच नाही. आधार कार्डावर तिन्ही नावं. कुठल्या केंद्रावर, कोणाच्या हातून राहिलं, कोण जाणे. तिथे माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत नावं टाइप करत होती, त्यांना मी दोष देत नाही. पण खिडकीवरचा माणूस आधार आणि प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवून बघणार, आणि परत पाठवणार, एवढं दिसत होतं.

लसीची नोंदणी होते त्या कोविनच्या साइटवर नाव दुरुस्त करायची सोय जूनमध्येच आली होती, हे मला माहीत नव्हतं. भाचीला माहीत होतं. अडचण दोन गोष्टींची. दुरुस्ती एकदाच करता येत होती, चुकली तर गेली. आणि ओटीपी येणार ह्यांच्या नंबरवर, कारण नोंदणी त्यांच्या फोनवरून केलेली, आणि हे रात्रपाळीला मुलुंडला. ओटीपी तीन मिनिटांत टाकावा लागायचा. ह्यांना फोन लावला, तिकडे गेटवर गाडी आलेली, पहिला ओटीपी वाया गेला. दुसऱ्यांदा त्यांनी आकडे एकेक करून सांगितले, मी मोठ्याने म्हटले, भाचीने टाकले. मग आधार कार्ड दिव्याखाली धरून मी इंग्रजी अक्षरं एकेक वाचली. शेवटचं बटण दाबायच्या आधी तिने मला तीनदा विचारलं. मंगळवारी संध्याकाळी नवीन प्रमाणपत्र उतरवून घेतलं तेव्हा त्यावर आडनाव होतं. मी ते देवासमोर ठेवलं, खरंच ठेवलं.

बुधवारी, ११ ऑगस्टला, स्टेशनांवर पडताळणी सुरू होणार होती, सकाळी ७ ते रात्री ११. मुंबईत ५३ स्टेशनांवर. मी सहालाच पोचले तरी पुढे बरीच माणसं होती. झेरॉक्सचं दुकान त्याहून आधी उघडलेलं. पाऊस बारीक पडत होता, लोकांनी प्रमाणपत्रं दुधाच्या पिशवीत, डब्याच्या पिशवीत, कोणी शर्टाच्या आत धरलेली. दीड वर्ष आम्ही एकमेकांना टाळत होतो, आणि त्या रांगेत सगळे बोलत होते. कोण कुठे कामाला, किती तास लागतात, कोणाची नोकरी गेली. माझ्या पुढच्या काकांची गेली होती, मस्जिद बंदरला गोदामात होते. "पास मिळाला तर निदान विचारायला तरी जाईन," म्हणाले.

टेबलावर महापालिकेची दोन माणसं. प्रमाणपत्र फोनवर तपासायचं, ओळखपत्राशी ताडायचं, दोन्ही झेरॉक्सवर शिक्का मारायचा. माझं आधार हातात घेऊन त्यांनी प्रमाणपत्राकडे दोनदा पाहिलं. माझ्या घशाला कोरड पडली. "ठीक आहे ताई," म्हणाले आणि शिक्का मारला. मग तिकीट खिडकी. रोजचं तिकीट नाहीच, महिन्याचा पासच घ्यायचा. मी भांडुप ते दादर सांगितलं आणि आवाज इतका चढला की खिडकीतल्या बाईंनी वर पाहिलं.

त्या रांगेत माझ्या मागे एक मुलगा होता, पंचविशीचा. त्याला परत पाठवलं, एकच डोस झालेला. तो वाद घालत नव्हता, एवढंच विचारत होता की आमच्या वयाला लसच उशिरा मिळाली त्यात आमची काय चूक? ह्याचं उत्तर त्या टेबलावरच्या माणसांकडे नव्हतं. माझ्या मते ते असायला हवं होतं, त्यांच्याकडे नाही तर वरती कोणाकडे तरी. लस कधी मिळणार, किती अंतराने मिळणार, हे ठरवणारे वेगळे, आणि त्या तारखेवर गाडी चुकणारा वेगळा. माझ्याच घरात बघा. जिने माझं आडनाव परत मिळवून दिलं ती भाची घाटकोपरला साड्यांच्या पॅकिंगला जाते. तिला पहिला डोस मिळाला २१ जुलैला. ८४ दिवस, वर १४ दिवस. १६ ऑगस्टला, सोमवारी, मी सकाळच्या गाडीला निघाले तेव्हा ती बसच्या रांगेत उभी होती.

डब्यात खिडकीची जागा मिळाली. समोरच्या बाईने मास्कवरच्या डोळ्यांनी विचारल्यासारखं केलं आणि मग म्हणाली, "कुठे उतरणार?" हे दोन शब्द किती दिवसांनी ऐकले. मला उत्तर देता येईना, नुसतं बोट दाखवलं दादरच्या दिशेला.

भाचीचा पास निघाला २८ ऑक्टोबरला. त्या दिवशी तिच्या झेरॉक्सची पिशवी मी धरली होती, आणि रांगेत आमच्या पुढे कोणीच नव्हतं.