तुम्ही विचारलंत म्हणून: एका मार्कासाठी मुलाला बाहेर बसवता?

हा प्रश्न मला वर्षातून निदान दहा वेळा विचारला जातो. इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत विचारतात, सांगलीहून काका फोनवर विचारतात. शाळेत कोच विचारतात तेव्हा आवाज जरा चढलेला असतो. "मुलाला ६९ पडले, पास व्हायला ७० लागतात. एका मार्कासाठी तुम्ही त्याला मॅचमधून बाहेर बसवता? तुम्हाला काहीच वाटत नाही?"

वाटतं. रात्री झोप लागत नाही इतकं वाटतं. म्हणूनच एकदा सगळं सविस्तर लिहिते.

मी टेक्ससमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये चौदा वर्षं गणित शिकवते. अकरावीच्या मुलांना आल्जिब्रा टू. इथल्या नियमाला सगळे 'नो पास, नो प्ले' म्हणतात. ठरलेल्या मुदतीच्या शेवटी कुठल्याही एका विषयात ७० च्या खाली गेलात, की तीन आठवडे स्पर्धा बंद. फक्त फुटबॉल (अमेरिकन, हातात चेंडू घेऊन पळायचा) नाही. बास्केटबॉल, वादविवाद, नाटकाच्या स्पर्धा, मैदानावर कवायत करत वाजवणारा बँड, सगळंच. ग्रेड लागल्यावर सात दिवसांची सवड असते, मग बंदी सुरू. तीन आठवड्यांनी पुन्हा ग्रेड तपासतात. सगळ्या विषयांत पास असलात तर त्यानंतर सात दिवसांनी परत खेळू शकता. वर्षाची पहिली तपासणी शाळा सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटाला, ऐन फुटबॉलच्या हंगामात. नेहमीच्या हंगामात जेमतेम दहा मॅचेस असतात. त्यातल्या तीन गेल्या की काय होतं ते सोळा वर्षांच्या पोराला विचारा.

नियम आला १९८४ साली. डॅलसचे उद्योगपती रॉस पेरो (हेच पुढे १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले) तेव्हा गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी नेमलेल्या शिक्षण समितीचे प्रमुख होते. टेक्ससच्या शाळा खेळासाठी चालतात की शिकवण्यासाठी, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यातून जो मोठा शिक्षण कायदा झाला त्यात शिक्षकांची पगारवाढ होती, खालच्या वर्गांत २२ मुलांची मर्यादा होती, आणि हा नियमही होता. तेव्हा बंदी सहा आठवड्यांची होती. गावोगावचे कोच आणि पालक खवळले, प्रकरण कोर्टात गेलं. १९८५ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानं नियम उचलून धरला. अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांत भाग घेणं हा मूलभूत हक्क नाही, असं सांगितलं. पुढच्याच वर्षी व्हाइट निवडणूक हरले. हरण्याची कारणं इतरही होती, पण या नियमाचा राग त्यात नक्की होता. १९९५ मध्ये सहाचे तीन आठवडे झाले. आता बंदीच्या काळातही मुलाला सरावाला येता येतं. मॅचला मात्र नाही.

हे सरावाचं वाक्य मी मंडळात दोनदा सांगते, कारण ते कुणाच्या कानात शिरत नाही. आपले पालक नियम ऐकून खूशच होतात. "बरोबर आहे, खेळ बंद केल्याशिवाय पोरं पुस्तक हातात धरत नाहीत!" मला तिथे राहवत नाही.

मी सांगलीला शाळेच्या खो-खो संघात होते. खांबावर सूर मारून गडी टिपणं हे माझं काम. दहावीचं वर्ष लागलं आणि जूनमध्ये माझे कॅनव्हासचे बूट धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. मी नापास झाले नव्हते, चांगल्या मार्कांनी वर आले होते. तरी बंद. संध्याकाळचे जे दोन तास मोकळे झाले त्यात मी जास्त अभ्यास केल्याचं मला आठवत नाही. खिडकीत बसून मैदानावरची शिट्टी ऐकल्याचं आठवतं. वडील प्रेमळ होते, त्यांना वाटलं ते त्यांनी केलं. पण ते बूट परत कुणाच्याच पायात आले नाहीत. त्याच महाराष्ट्रात वरच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, याचं मला आजही नवल वाटतं. घरात बूट माळ्यावर, आणि बोर्ड त्याच बुटांसाठी मार्क देतं.

इथला नियम बूट माळ्यावर टाकत नाही. तीन आठवड्यांनी ते परत मिळण्याची तारीख आधीच सांगतो. मला तो पटतो तो एवढ्याचसाठी. पण त्या तीन आठवड्यांत मुलाजवळ कुणी बसलंच नाही, तर ती नुसती शिक्षा झाली.

आता ६९ चं. कोच म्हणतात, "मॅडम, एका आकड्याचा तर प्रश्न आहे." टेक्ससचा कायदा सांगतो की शिक्षकानं दिलेली ग्रेड अंतिम; ती मनमानी असेल, चुकीची असेल किंवा शाळेच्या धोरणाला सोडून असेल तरच बदलायची. ग्रेड मुलाला किती येतं ते दाखवणारी हवी, हेही कायद्यातच आहे. म्हणजे आकडा माझ्या हातात आहे, आणि तो खरा ठेवायची जबाबदारीही माझीच आहे. मी ६९ चे ७० केले तर शेजारच्या बाकावरच्या, कुठलाच खेळ न खेळणाऱ्या मुलीच्या ६९ ला काय सांगू? तिच्यासाठी तर कोणी कोच माझ्या दारात येत नाही.

पण त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. नापास झालेलं काम पुन्हा करून द्यायची रास्त संधी शाळा मुलांना देऊ शकते. आमच्याकडे ती आहे. आकडा बदलणं आणि काम पुन्हा करून घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझं सगळं म्हणणं या फरकात आहे.

एका मुलाचं सांगते. नाव लिहीत नाही. फुटबॉलच्या संघात, अंगानं आडदांड, वर्गात शेवटच्या रांगेत, तोंडातून शब्द फुटायचा नाही. पाचव्या आठवड्यात त्याची ग्रेड ६१ होती. मी ग्रेडबुक उघडून ओळ पाहिली: टेस्टमध्ये ७४, क्विझमध्ये ७८, आणि मग तीन शून्यं. वर्गसमीकरणांचे अवयव पाडायच्या तीन वर्कशीट दिल्याच नव्हत्या. मधल्या सुट्टीत बोलावलं आणि म्हटलं, बॅग उघड. त्यानं आधी मैदानावरचे बूट काढले, चिखलाचे. मग पायाला बांधायच्या चिकटपट्टीचा रोल, दातांचं गार्ड, अर्धा खाल्लेला ग्रॅनोला बार. सगळ्यात तळाशी तिन्ही वर्कशीट. चुरगळलेल्या, एकीवर घामाचा डाग. तिन्ही पूर्ण सोडवलेल्या, आणि मोजक्या चुका सोडल्या तर बरोबर! मी विचारलं, दिल्या का नाहीस? खाली बघत म्हणाला, "तुम्ही गोळा केल्या तेव्हा सापडल्या नाहीत. नंतर द्यायची लाज वाटली."

चौदा वर्षांत मी पाहिलेल्या ६९ पैकी बरेचसे असे बॅगेच्या तळाशी असतात. मुलाला गणित येत नाही असं नसतं. दिलं नाही, विचारलं नाही, एक दिवस बुडाला आणि त्या दिवसाचं राहून गेलं. ज्याला खरंच येत नाही त्याचा आकडा बहुतेक वेळा पन्नाशीत असतो, आणि त्याच्यासाठी एक मार्क मागायला कोणीच येत नाही.

तो मुलगा त्या तपासणीत पास झाला. दुसऱ्या एकाचं मला जमलं नाही, आणि हेही लिहायलाच हवं. तो माझ्याकडे आणि इतिहासात, दोन्हीकडे नापास झाला. त्याला ५२ होते. तीन आठवड्यांची बंदी लागली. सरावाला येता येतं हे त्याला कोणी नीट सांगितलं की नाही मला माहीत नाही; मी सांगितलं नव्हतं, मी गृहीत धरलं. पहिल्या आठवड्यात तो दोन दिवस आला नाही. दुसऱ्या आठवड्यात फक्त सोमवारी आला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर त्याचं नाव हजेरीतून गेलं. फुटबॉल हे त्याचं शाळेत येण्याचं एकमेव कारण होतं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी नियमाप्रमाणे, ते काढून घेतलं. त्या ५२ त माझी चूक नव्हती. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत होती. त्या वर्षापासून बंदी लागलेल्या प्रत्येक मुलाला मी त्याच दिवशी स्वतः मैदानावर जाऊन भेटते. आज चार वाजता सरावाला ये, आणि उद्या सकाळी सव्वासातला ट्युटोरियलला माझ्या वर्गात ये, ही दोन वाक्यं एकत्र सांगते.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना टोचेल, तरी सांगते. एपी, आयबीसारख्या वरच्या वर्गांना (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे, कॉलेजच्या तोडीचे अवघड अभ्यासक्रम) या नियमातून कायद्यानं सूट आहे. अवघड विषय घ्यायला मुलांनी कचरू नये, हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण त्यामुळे एपी कॅल्क्युलसमध्ये ६५ मिळवणारं मूल टेनिस खेळत राहतं, आणि साध्या वर्गातलं ६९ वालं बाहेर बसतं. आपली बरीच मुलं एपीत असतात. घरी डेस्क असतं, आई-बाबा शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर रोज ग्रेड बघतात. हा नियम त्यांना सहसा भेटतच नाही. माझ्या वर्गातली जी मुलं शाळेनंतर धाकट्या भावंडांना सांभाळतात, शनिवार-रविवार टाको ट्रकवर काम करतात, त्यांनाच तो भेटतो. तेव्हा जेवणाच्या रांगेत "बरोबर आहे" म्हणताना आपण कुणाच्या मुलाबद्दल बोलतोय, ते डोळ्यांसमोर आणा, एवढीच विनंती.

मग मी नियम काढून टाका म्हणते का? नाही. तो नव्हता तेव्हा चांगला खेळणारा मुलगा अक्षरओळखीपुरता शिकून बाहेर पडला तरी कुणाला त्याचं काही नव्हतं. आज सहाव्या आठवड्याच्या आधी कोच स्वतः माझ्याकडे यादी मागतात. आमच्याकडचे एक कोच सरावाआधी चाळीस मिनिटं सगळ्या संघाला कॅफेटेरियात अभ्यासाला बसवतात आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसतात. हे त्या नियमाच्या धाकानं झालं, आणि ते मला हवं आहे. सूट द्यायचीच तर सगळ्या वर्गांना सारखी द्या, आणि बंदी लागली की मुलाबरोबर बसायला एक माणूस नेमून द्या, कागदावर नाव लिहून. आज हे शिक्षकाच्या मर्जीवर चालतं.

तुमचं मूल इकडच्या शाळेत असेल तर शाळेच्या कॅलेंडरवर तपासणीचा दिवस बघा आणि त्याच्या दोन आठवडे आधीच्या सोमवारी पोर्टल उघडा. एकूण आकडा सोडा, खालच्या ओळी वाचा. शून्य कुठे आहे ते शोधा. मग मुलाला बॅग उलटी करायला सांगा. आणि मला मेल पाठवायची तर त्या सोमवारी पाठवा. शेवटच्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता आलेल्या मेलला माझ्याकडे 'नाही' शिवाय काहीच नसतं, सोमवारच्या मेलला मात्र मी त्याच दिवशी उत्तर देते.